कोठडीतला माणूस आजारी पडला, तर घरी कोण कळवतं?

कोठडीत कुणी दगावलं की बातमीच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: 'मृताच्या नातेवाइकांना कळवण्यात आलं असून पुढील तपास सुरू आहे.' हे वाक्य इतक्या वेळा डोळ्यांखालून गेलंय की आपण त्यावर थांबतच नाही. कळवलं कुणी? किती वाजता? आणि माणूस दोन दिवस आधीपासून आजारी होता, तर तेव्हाच का नाही कळवलं?

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारागृहातल्या अनैसर्गिक मृत्यूंसाठी भरपाईचं धोरण मंजूर केलं. त्याच वर्षी जुलैत परभणीतल्या कोठडी मृत्यूचं प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्यामुळे मृत्यूनंतर काय व्हावं याची चर्चा बरीच झाली. आजारपणाची मात्र फारशी झाली नाही, आणि घोळ खरा तिथेच आहे. मृत्यू कळवण्याबद्दल कायद्यात थोडंफार तरी लिहिलंय. माणूस वाचवता येईल अशा वेळी घरी कळवण्याबद्दल जे आहे, ते जास्त करून नियमावल्यांमध्ये आणि अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

आधी दोन कोठड्या वेगळ्या करू

अटक झाल्यावर २४ तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. तिथून तो एकतर पोलीस कोठडीत जातो, म्हणजे पोलीस ठाण्याच्या लॉकअपमध्ये, चौकशीसाठी. नाहीतर न्यायालयीन कोठडीत, म्हणजे आर्थर रोड, भायखळा, तळोजा, ठाणे, कल्याण अशा कारागृहात. कोर्टाच्या आवारात वकील यांना 'पीसी' आणि 'एमसीआर' म्हणतात. नातेवाइकांच्या कानावर हेच शब्द पडतात आणि अर्थ विचारायची सोय नसते.

हा फरक कळायला हवा, कारण निरोप देण्याची जबाबदारी त्यावर ठरते. लॉकअपमध्ये ती पोलिसांची, कारागृहात अधीक्षकांची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार पोलीस कोठडीचे पंधरा दिवस सलग घ्यावे लागत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी घेता येतात. म्हणजे माणूस लॉकअपमधून जेलमध्ये आणि जेलमधून परत लॉकअपमध्ये जाऊ शकतो. आज तो नेमका कुणाच्या ताब्यात आहे, हेच घरच्यांना सांगता येत नाही अशी वेळ येते.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आरोपी जे. जे. रुग्णालयाच्या खाटेवर असला, दाराशी पोलीस बसलेला असला, किंवा कोर्टात नेताना व्हॅनमध्ये असला, तरी तो कोठडीतच असतो. जागा बदलली म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही.

अटकेच्या कागदावरच पुढच्या निरोपाचा पत्ता ठरतो

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात अटकेबद्दल अकरा सूचना दिल्या. त्यातल्या बऱ्याच पुढे कायद्यात आल्या. आज संहितेचं कलम ३६ सांगतं की अटकेचा मेमो करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची, आणि आरोपीला त्याचा हक्क सांगायचा: 'तू सांगशील त्या माणसाला आम्ही कळवू.' कलम ४८ म्हणतं की अटक झाल्याचं, माणूस कुठे ठेवलाय यासकट, लगेच कळवायचं आणि कुणाला कळवलं त्याची नोंद ठाण्याच्या वहीत करायची. आरोपी समोर आल्यावर हे झालंय ना, याची खात्री दंडाधिकाऱ्यांनी करायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की अटकेची कारणंसुद्धा नातेवाइकाला सांगितली पाहिजेत.

कागदावर हे चोख आहे. आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. मुलाला उचललं, मोबाइल जप्त झाला. आईचा नंबर आज कुणाला तोंडपाठ असतो? फॉर्मवर 'संपर्क क्रमांक' अशी रेघ असते, तिथे त्याचा स्वतःचाच नंबर लिहिला जातो. तो फोन त्याच ठाण्यात मुद्देमालाच्या पाकिटात सीलबंद होऊन बंद पडलेला. महिन्याभराने जेलमधून कुणी त्या नंबरवर फोन लावला, तर तो लागणार कसा?

पत्त्याचंही तसंच. आधार कार्डावर जुन्या चाळीचा पत्ता, चाळ पाडून झालेली, घरचे ट्रान्झिट कॅम्पात किंवा थेट नालासोपाऱ्यात. किंवा कार्डावर गावचा पत्ता: सिंधुदुर्ग, आझमगड, दरभंगा. मग निरोप तिथल्या पोलीस ठाण्यातून फिरत फिरत जातो. नातेवाईक जिल्ह्याबाहेर असतील तर अटकेची खबर आठ ते बारा तासांत तारेने पोचवा, असं बसू निकालात होतं. तारसेवा २०१३ मध्येच बंद झाली.

आजारपण: इथे दोरी सुटते

समजा, घाटकोपरहून एक बाई जेलमध्ये मुलाच्या मुलाखतीला, म्हणजे भेटीला, आली आहे. हातात आधार कार्ड, पिशवीत दोन बनियन. तास-दीड तास रांगेत उभी. खिडकीवर नाव सांगितल्यावर शिपाई रजिस्टरवर बोट फिरवतो आणि म्हणतो, "तो जेजेला आहे." कधीपासून? "ते मला नाही माहीत." काय झालंय? "तिकडेच विचारा." ती भायखळ्याला जाते. वॉर्डच्या दारातला पोलीस म्हणतो, "जेलची परवानगी आणा." बाई पुन्हा टॅक्सी शोधते.

यात कुणी मुद्दाम वाईट वागलेलं नाही, हे लक्षात घ्या. तरीही निरोप पोचला नाही. कारण आजारी कैद्याचा प्रवास चार हातांतून होतो. आधी कारागृहाचा डॉक्टर तपासतो आणि बाहेर पाठवण्याची चिठ्ठी देतो. मग पोलिसांकडून गार्ड मागवावा लागतो. तो जेलचा माणूस नसतो. मग रुग्णालयाचा अपघात विभाग, मग वॉर्ड. घरी कळवणं हे यातल्या कुणाचंच पहिलं काम नाही, आणि ते दुसऱ्या कुणीतरी केलं असेल असं प्रत्येकाला वाटतं. गार्ड मिळेपर्यंत दिवस जातो, ही तर जुनी रड आहे.

कायदा काय म्हणतो? अटकेत असलेल्याच्या आरोग्याची वाजवी काळजी घेणं हे ताबा असणाऱ्याचं कर्तव्य आहे, असं कलम ५६ सांगतं. त्यात घरी कळवण्याचा शब्द नाही. कैदी गंभीर आजारी असेल तर नातेवाइकांना कळवावं, असं कारागृहांच्या नियमावल्या म्हणतात. पण 'गंभीर' कुणी ठरवायचं? आयसीयूत गेला तर गंभीर, हे सोपं आहे. पाच दिवस ताप उतरत नाही, फिट आली, साखर चारशेवर गेली, तेव्हा?

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेले 'मंडेला नियम' याबाबतीत जास्त नेमके आहेत. गंभीर आजार किंवा दुखापत झाली, किंवा कैद्याला रुग्णालयात हलवलं, तर त्याने ज्याचं नाव दिलंय त्याला कळवा, असं त्यांचा ६९ वा नियम सांगतो. म्हणजे 'गंभीर कुणाला म्हणायचं' या वादात न अडकता, रुग्णालयात हलवलं एवढ्यावर निरोप निघतो. माझ्या मते एवढी एक ओळ राज्याच्या नियमांत आली आणि पाळली गेली, तर निम्मी भांडणं होणारच नाहीत. हे नियम आपल्याकडे कायदा म्हणून लागू नाहीत. न्यायालयं त्यांचा मार्गदर्शक म्हणून आधार घेतात.

घरच्यांना कळलं म्हणून काय फरक पडतो, असंही विचारलं जातं. खूप पडतो. केईएमची जुनी फाईल घरच्या कपाटात असते. कुठल्या गोळीची अॅलर्जी आहे, फिटचं औषध कधीपासून चालू आहे, हे आईला माहीत असतं, जेलच्या डॉक्टरला नसतं. शिवाय आजारी किंवा दुर्बल आरोपीला जामीन देण्याचा अधिकार कलम ४८० मध्ये न्यायालयाला आहे; तो अर्ज बहुतेक वेळा बाहेरच्याच कुणीतरी करायचा असतो. तळोजा कारागृहातले ८४ वर्षांचे आदिवासी हक्क कार्यकर्ते फादर स्टॅन स्वामी यांना मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवायला सांगितलं, ते बाहेर वकील आणि सहकारी पाठपुरावा करत होते म्हणून. तिथेच ५ जुलैला त्यांचं निधन झालं. ज्याच्यासाठी बाहेर पाठपुरावा करणारंच कुणी नाही, त्याची तब्येत कोर्टापर्यंत पोचायची कशी?

मृत्यू झाला तर

इथे घड्याळ जोरात धावतं. कोठडीतला प्रत्येक मृत्यू, नैसर्गिक दिसत असला तरी, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवायचा, ही पद्धत आयोगाने डिसेंबर १९९३ मध्ये घालून दिली. संहितेच्या कलम १९६ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची. ही चौकशी पोलिसांच्या तपासाहून वेगळी असते आणि कोठडीतून माणूस बेपत्ता झाला तरीही ती करावी लागते. २००३ मध्ये घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणातला परभणीचा तरुण अभियंता ख्वाजा युनूस 'पळून गेला' असं पोलिसांनी सांगितलं होतं आणि नंतर तो कोठडीतच मेल्याचं तपासात पुढे आलं. बेपत्ता होण्याला कायद्यात स्थान का हवं, हे त्यावरून कळावं.

त्याच कलमानुसार मृतदेह २४ तासांत शवविच्छेदनासाठी पाठवायचा. नातेवाइकांची नावं-पत्ते माहीत असतील तर दंडाधिकाऱ्यांनी त्यांना चौकशीची खबर द्यायची आणि हजर राहू द्यायचं. पण कसं? 'शक्य असेल तिथे.' म्हणजे दिल्लीतल्या आयोगाला कळवायला तास ठरलेले आहेत, लालबागमधल्या बायकोला कळवायला त्या कलमात नाहीत. मृतदेह २४ तासांत टेबलावर जाऊ शकतो आणि गावाकडचा बाप तोपर्यंत गाडीतच असू शकतो.

'नातेवाईक' कोण, हेही तिथे लिहिलंय: आई-वडील, मुलं, भावंडं आणि पती किंवा पत्नी. ज्याला काकाने वाढवलं त्याचा काका यात बसत नाही. मुंबईत एकटा राहणाऱ्याचा रूममेट तर नाहीच. म्हणून अटकेच्या वेळी 'मी सांगेन त्याला कळवा' या हक्काची किंमत जास्त. तिथे मित्रही चालतो.

मृत्यूची खबर नेहमी अधिकृत वाटेनेच बाहेर येते असंही नाही. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका बंदिवान महिलेचा मृत्यू झाला, तेव्हा आतल्या इतर महिलांनी गदारोळ केल्यावर प्रकरणाला वाचा फुटली. पुढे सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला.

'कसा मेला' हे सांगायचं कुणी?

पाळणाघरात सकाळी धडधाकट मूल सोडलं आणि संध्याकाळी कपाळावर टेंगूळ दिसलं, तर ते कसं आलं हे पाळणाघराच्या बाईंनी सांगायचं असतं, आईने शोधून काढायचं नसतं. पुराव्याच्या कायद्यात तत्त्व हेच आहे. जी गोष्ट खास एकाच बाजूला माहीत असते, ती सांगण्याचा भार त्याच बाजूवर. आता ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०९ मध्ये आहे. अर्थात याने आरोप आपोआप सिद्ध होत नाही. आधी माणूस ताब्यात होता आणि जखमा तिथल्या आहेत, हे दाखवावं लागतं. त्यासाठीच अटकेनंतर लगेच होणारी वैद्यकीय तपासणी महत्त्वाची. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे तिच्या अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला मिळते. फारसं कुणी मागत नाही.

'गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला?'

हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही, कारण तो प्रत्येक नाक्यावर विचारला जातो. पहिलं उत्तर साधं आहे: देशातल्या कारागृहांत असलेल्यांपैकी सुमारे पाऊण लोक कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. दुसरं, शिक्षा झालेल्याचीही शिक्षा तुरुंगवासाची असते, घरच्यांना अंधारात ठेवण्याची नसते. ज्या आईने काहीच केलं नाही तिला खिडकीखिडकीवरून हाकलणं हे कुठल्या कलमात बसतं?

सुरक्षेचं काय? आणि कैद्यालाच नको असेल तर?

टोळीतल्या आरोपीला कधी, कुठल्या रस्त्याने नेणार हे आधी सांगितलं तर धोका आहे, ही हरकत खरी आहे. पण रुग्णालयात दाखल झाल्यावर 'दाखल केलंय, प्रकृती अशी आहे' हे सांगण्यात रस्ता उघड होत नाही. भेट द्यायची की नाही तो वेगळा प्रश्न. भेट नाकारता येते, म्हणून खबरही नाकारायची, ही सांगड उगाच घातली जाते.

दुसरी हरकत जास्त नाजूक आहे. एचआयव्ही, क्षयरोग किंवा मानसिक आजार घरी कळू नये, असं एखाद्याला वाटू शकतं. एखादीला तिच्या नवऱ्यालाच कळवायला नको असेल, आणि त्याला सबळ कारण असेल. मंडेला नियमांत याचा विचार आहे: आजार किंवा दुखापत जोडीदाराला किंवा जवळच्या नातेवाइकाला कळवू नका, असं कैद्याने स्पष्ट सांगितलं तर ते मानायचं. वाट यातून निघते. दाखल होतानाच विचारायचं: 'तुला काही झालं तर कुणाला कळवू, आणि कुणाला नको?' आजाराचं नाव न घेताही 'रुग्णालयात आहे' एवढं सांगता येतं.

घरच्यांनी काय करावं

अटकेच्या दिवशीच मेमोची प्रत मागा आणि त्यावर दोन चालू नंबर लिहून घ्या, एक घरचा आणि एक शेजाऱ्याचा किंवा वकिलाचा. जुना आजार असेल तर रिमांडच्या वेळीच वकिलाकरवी दंडाधिकाऱ्यांच्या कानावर घाला, कागदांच्या झेरॉक्स जोडा आणि औषधं चालू ठेवण्याचा आदेश मागा. तोंडी विनंती हवेत विरते. कोर्टाच्या रोजनाम्यात, म्हणजे कामकाजाच्या नोंदीत, आली की तिला वजन येतं. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरणाकडून. हेल्पलाइन १५१००.

जेलमध्ये गेल्यावर अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज द्या: नंबर बदललाय, पत्ता बदललाय, आजारी पडल्यास इथे कळवा. पोचपावतीचा शिक्का घ्या. तो शिक्का फार कामाला येतो, कारण नंतर 'संपर्क होऊ शकला नाही' असं उत्तर आलं की दाखवायला काहीतरी असतं. प्रकृतीची माहिती मिळतच नसेल तर ज्या न्यायालयात खटला आहे तिथे वैद्यकीय अहवाल मागवण्याचा अर्ज करता येतो.

मृत्यूची खबर आली तर घाईत कुठल्याही कागदावर न वाचता सही करू नका. अवघड आहे, माहीत आहे. अशा वेळी शवागाराबाहेर नेहमी कुणीतरी असतो जो म्हणतो, "आधी सही करा म्हणजे बॉडी लवकर मिळेल." पंचनाम्याला हजर राहू द्या आणि शवविच्छेदनाचं चित्रीकरण करा, असं लेखी मागा. शंका असेल तर दुसऱ्या शवविच्छेदनासाठी न्यायालयात जाता येतं, पण अंत्यसंस्कार व्हायच्या आधी. दहन झालं की ती वाट कायमची बंद होते. पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या. डिसेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे ते अठरा महिने, आणि ती सोय नसेल तर किमान एक वर्ष साठवायचं असतं.

चौकशी झाली, पुढे काय?

दंडाधिकाऱ्यांचा अहवाल आला म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही. अहवालानंतर कुणी काय करायचं, हे कलम १९६ नीट सांगत नाही. सुरुवातीला सांगितलेल्या परभणी प्रकरणातल्या तरुणाचा, सोमनाथ सूर्यवंशीचा, डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. दंडाधिकाऱ्यांची चौकशी होऊनही गुन्हा नोंदला गेला नाही, तेव्हा कुटुंबाला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे जावं लागलं. खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला.

भरपाईच्या नव्या धोरणात कामावरचा अपघात, वैद्यकीय निष्काळजीपणा, कर्मचाऱ्यांची मारहाण किंवा कैद्यांमधली भांडणं यांतून मृत्यू झाल्याचं ठरलं तर वारसांना पाच लाख, आत्महत्येसाठी एक लाख. वार्धक्य किंवा दीर्घ आजाराने मृत्यू आला तर काही नाही. म्हणजे उपचार वेळेवर मिळाले की नाही, हाच वादाचा मुद्दा होणार. आणि तो मांडायला आजारपणाच्या तारखा हव्यात: कधी तक्रार केली, कधी बाहेर नेलं, घरी कधी कळवलं. मुलाखतीच्या, फोनच्या, अर्जांच्या तारखा एका वहीत टिपून ठेवायला लागा.

मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. राज्य आयोगाचं कार्यालय सीएसएमटीसमोर आहे. फी नाही, वकिलाची सक्ती नाही, अर्ज मराठीत चालतो.